नापास व्हायला आलेली फियाट

"ती नळी नीट आत घाल की. सायलेन्सरला भितोस काय?"

मी वळून पाहिलं. पांढऱ्या फियाटच्या खिडकीतून पन्नाशीची एक बाई अर्धी बाहेर वाकून माझ्या हाताकडे बघत होती. गाडीच्या टपावर लाल 'एल'ची पाटी आणि दारावर 'पिसाळ मोटार ड्रायव्हिंग स्कूल, फक्त महिलांसाठी' अशी अक्षरं. म्हणजे या कुमुदताई पिसाळ. वाळेगावात त्यांना न ओळखणारा माणूस मीच होतो, कारण मला गावात येऊन तीनच महिने झाले होते.

"आत आहे की ताई," मी म्हणालो. "रीडिंग येतंय बघा. दोन पूर्णांक चार. पास."

गोष्ट दोन हजार एक सालची. पेट्रोल पंपाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये आमचं पीयूसी सेंटर होतं. गाडीच्या धुरात विषारी वायू किती ते मोजायचं, तीन टक्क्यांच्या आत असला की सर्टिफिकेट द्यायचं, एवढंच काम. नळी सायलेन्सरच्या तोंडातून हातभर आत सारायची असते. आमच्या मालकांनी मात्र पहिल्याच दिवशी मला गुपित सांगितलं होतं, "संपत, नळी तोंडाशी नुसती टेकवायची. बाहेरची हवा मिसळते, आकडा खाली येतो, गिऱ्हाईक खूश, आपण खूश." मी आयटीआय झालेला, पण ही युक्ती त्या कोर्समध्ये नव्हती. तीन महिन्यांत मी तिच्यात इतका तरबेज झालो होतो, की गॅरेजच्या दारात कायमची पडलेली ॲम्बॅसडरसुद्धा मी पास करून दाखवली असती.

मी सर्टिफिकेट छापलं, शिक्का मारला आणि ऐटीत त्यांच्या हाती दिलं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि आकडा दोनदा वाचला.

"खोटं आहे हे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"लिटरला बारा किलोमीटर द्यायची ही गाडी. आता आठसुद्धा देत नाही. प्लग काढला तर बुक्का लावल्यासारखा काळा. माझ्या बायका मैदानात रिव्हर्स शिकतात तेव्हा खोकून खोकून बेजार होतात. आणि तुझं मशीन म्हणतंय सगळं छान आहे?" त्या खाली उतरल्या. "नळी आत घाल. पूर्ण."

मी जरा घुटमळलो. आजवर लोकांनी माझ्याकडे पास करा म्हणून गळ घातली होती, हात जोडले होते, एकाने तर मामाचं नाव सांगून दम भरला होता. नापास करून घ्यायला आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मनात म्हणत मी नळी खुणेपर्यंत आत सारली. आकडा वर चढायला लागला. चार. पाच. सहा पूर्णांक दोनवर थांबला.

मला वाटलं बाई आता भडकणार. त्यांनी मात्र एखाद्या डॉक्टरनं अखेर दुखणं ओळखावं तसा सुस्कारा सोडला.

"आता कसं! उद्या सकाळी आठला येते. मशीन गरम करून ठेव."

"ताई, सर्टिफिकेट तर झालंय. सहा महिने चालतंय ते. परवा कॅम्पला दाखवा आणि मोकळ्या व्हा."

परवा, गुरुवारी, डाकबंगल्याच्या मैदानावर आरटीओचा महिन्याचा कॅम्प होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुमुदताईंच्या गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती आणि नव्यानं पासिंग व्हायला हवं होतं. शाळेची ती एकच गाडी. गुरुवारी पासिंग झालं नाही तर महिनाअखेरीला गाडी रस्त्यावरून उतरणार, आणि गाडी नाही म्हटल्यावर शाळेच्या लायसन्सचं नूतनीकरणही होणार नाही. शिवाय त्याच दिवशी त्याच गाडीवर त्यांच्या आठ विद्यार्थिनी लायसन्सची परीक्षा देणार होत्या. बसस्टँडसमोर दोन नव्याकोऱ्या गाड्यांची दुसरी शाळा निघालीच होती. ती टपूनच बसली होती म्हणा ना.

"मला काय नुसता कागद पाहिजे होता?" ताई म्हणाल्या. "मला दुखणं कळायला पाहिजे होतं. गावात धूर मोजायचं मशीन एकट्या तुझ्याकडे आहे." आणि ते सर्टिफिकेट त्यांनी माझ्याच टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला फियाट शेडसमोर उभी. ताईंनी साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवला होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कारखान्याच्या ट्रक गॅरेजमध्ये त्यांचे वडील मिस्त्री होते आणि मुलगा नसल्याचं दुःख करण्याऐवजी त्यांनी मुलीच्या हातात पाना दिला होता, हे मला त्या दिवशी कळलं. नवरा प्राथमिक शिक्षक. "त्यांना सायकलसुद्धा घाबरते," ताई म्हणाल्या.

त्यांची कामाची रीत मी त्याआधी कुठे पाहिली नव्हती. आमच्याकडचे मिस्त्री बॉनेट उघडलं की एकदम चार ठिकाणी हात घालायचे आणि गाडी सुधारली तरी कशानं सुधारली ते त्यांनाच माहीत नसायचं. ताईंनी एका वेळी एकच गोष्ट केली. एअर फिल्टर काढला, झटकला, निम्मी धूळ माझ्या तोंडावर उडवली, परत बसवला.

"मोज."

"पाच पूर्णांक सहा."

"पाटीवर लिही."

पेट्रोलचे भाव लिहायची पंपाची एक जुनी काळी पाटी शेडमध्ये पडली होती, तिच्यावर मी लिहिलं. मग प्लग काढून, घासून, फटी मापून बसवले. "मोज." पाच एक. मग पॉइंट. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, त्याला तर दीड तास लागला. इंजिन गार व्हायची वाट बघत आम्ही शेंगा खात बसलो. शेवटी त्यांनी कार्बोरेटरच्या तळातला छोटा स्क्रू हातात घेतला. डोळे मिटले, आणि पाव पाव फेरा फिरवत कान इंजिनाकडे लावून ऐकत राहिल्या. मी मशीनकडे बघत होतो. जिथे त्यांचा हात थांबे, तिथेच आकडा सगळ्यात खाली असे. मशीन दोन लाखांचं होतं. मला तेव्हा मनापासून त्या बाईंचं कौतुक वाटलं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

"कौतुक नंतर कर," त्या म्हणाल्या. "किती?"

"दोन पूर्णांक आठ!" मी ओरडलोच. "ताई, पास! खरीखुरी पास!"

तीन वाजले होते. मी प्रिंटचं बटण दाबायला धावलो. मागून काही आवाज आला नाही म्हणून वळून बघतो तर ताई गाडीखाली. नुसते पाय बाहेर. मी वाकून बघितलं. बादलीत हात बुडवून ओला पंजा त्या सायलेन्सरच्या पाइपालगत, न टेकवता, हळूहळू सरकवत होत्या.

"सापडलं," आतून आवाज आला. "सांध्याशी भोक आहे. ये, बघ."

मी आडवा झालो. माझाही ओला हात त्या जागी धरायला लावला त्यांनी. फुस्स, फुस्स, अशी झुळूक लागत होती.

"धूर बाहेर जातोय तसा मधूनमधून वाराही आत ओढला जातोय," त्या म्हणाल्या. "म्हणून आकडा कमी दिसतोय. काल तू तोंडाशी वारा मिसळलास, आज हे भोक मिसळतंय."

ही गोष्ट त्या कसलाही टोमणा न मारता बोलल्या, तरी माझे कान तापले. म्हणजे पहिल्या दिवशीच त्यांना सगळं कळलं होतं.

"ताई, पण तुम्ही मुद्दाम नाही केलं ते भोक," मी काकुळतीला आलो. "मशीनला दिसत नाही, साहेबाला दिसणार नाही. उद्या कॅम्प आहे. भोक बुजवलं आणि आकडा चढला तर?"

"तर चढला."

"आणि पुढचा कॅम्प महिन्यानं आहे."

"माहीत आहे रे मला." त्या गाडीखालून बाहेर येऊन बसल्या आणि शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. "पंधरा वर्षं झाली शाळा काढून. मला काय ती बंद करायची हौस आहे? पण त्या भोकातला धूर कुठे जातो ठाऊक आहे? फ्लोअरच्या खालून थेट गाडीत. आठ बायका रोज तो ओढतात. त्यातली एक पोटुशी आहे."

रस्त्यापलीकडे यल्लाप्पाचं वेल्डिंगचं दुकान होतं. गाडी ढकलत तिथे नेली. यल्लाप्पानं वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, हितं ठिगाळ लावून भागत न्हाई. पैपच सडलाय. नवा तुकडा घालाय लागंल."

"घाल."

"उद्या सकाळच्याला देतो."

"यल्लाप्पा, तुझ्या बायकोला गाडी कुणी शिकवली?"

यल्लाप्पानं मुकाट्यानं काळा चष्मा डोळ्यांवर ओढला. पाच वाजता पाइप तयार होता.

आम्ही गाडी परत शेडमध्ये आणली. नळी आत सारली. मी मशीनकडे बघायचंच टाळत होतो. तीन पूर्णांक सात.

ताई बॉनेटला टेकून उभ्या राहिल्या. दिवसभर ताठ असलेली बाई एकदम थकल्यासारखी दिसली. पाटीवरचे आकडे त्यांनी वरून खाली वाचले. फिल्टर, प्लग, पॉइंट, टॅपेट, स्क्रू, पाइप. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मला त्यांचा खरोखर राग आला. कालचा कागद घेऊन गपचूप घरी गेल्या असत्या तर काय बिघडलं असतं? ते सर्टिफिकेट अजून माझ्या टेबलावर पडलं होतं. मी ते उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी ते बघितलं. नाही म्हणाल्या नाहीत. आज मला वाटतं, त्या क्षणी त्यांनी ते घेतलं असतं तरी मी त्यांना नावं ठेवली नसती.

तेवढ्यात नसीम मुल्ला आली. बँकेत कॅशियर, उद्या परीक्षेला बसणाऱ्या आठजणींपैकी एक. बँक सुटल्यावर थेट आली होती.

"मॅडम, उद्या किती वाजता यायचं? आणि गाडी बरी झाली ना?"

"बस आत," ताई म्हणाल्या. "जरा ॲक्सिलरेटर धर हलका. शेवटचं एकदा ऐकते."

नसीम स्टिअरिंगवर बसली. ताईंनी कार्बोरेटरशी कान नेला. मी सवयीनं मशीनकडे पाहिलं आणि चमकलो.

"ताई! आकडा वाढला. चार तीन!"

"मी हात लावलेला नाही अजून."

"पण वाढलाय!"

"नसीम, तू काय केलंस?"

"मी कुठे काय केलं?" नसीमनं दोन्ही हात वर केले. "नुसती पर्स अडकवली."

ताई बॉनेटवरून सरळ उभ्या राहिल्या. दाराशी गेल्या. मी मागोमाग. डॅशबोर्डवर चोकचं काळं बटण असतं, थंडीत गाडी सुरू होत नसली की ओढायचं. ओढलं की इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त. त्या बटणाला नसीमची पर्स लटकत होती. डबा, पाण्याची बाटली, किल्ल्यांचा जुडगा, चांगली दोन-अडीच किलोंची. तिच्या ओझ्यानं बटण पुढे आलं होतं.

"काढ ती," ताई म्हणाल्या.

पर्स काढली. आकडा परत तीन सात. बटण मात्र बोटाच्या पेराएवढं बाहेरच राहिलं.

"ते तेवढं बाहेरच असतं ना, मॅडम," नसीम म्हणाली. "तुम्हीच तर पहिल्या दिवशी सांगता. मांडीवर पर्स घेऊन गाडी शिकायची नाही, इथे अडकवायची. आणि पट्टा घसरू नये म्हणून बटण थोडं ओढून ठेवायचं."

ताई नसीमकडे बघतच राहिल्या. मग बटणाकडे. मग अंगठा टेकवून त्यांनी ते जोरात आत दाबलं. वर्षानुवर्षांच्या गंजातून कुरकुरत ते खट्ट करून आत गेलं. इंजिनाचा आवाज बदलला. मलासुद्धा तो फरक कळला. घसा खाकरून कुणीतरी मोकळं बोलू लागावं तसा.

"मोज," ताई कुजबुजल्या.

तीन एक. दोन सहा. दोन तीन. दोन पूर्णांक एकवर आकडा थांबला आणि तिथून हलला नाही.

कुमुदताई शेडच्या पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. "काखेत कळसा!" म्हणत होत्या. "पंधरा वर्षं! शेकड्यानं बायका शिकवल्या, आणि प्रत्येकीला पहिला धडा काय दिला? गाडीचा गळा दाबा!" नसीम बिचारी "माफ करा मॅडम, माफ करा मॅडम" करत होती. ताईंनी तिला जवळ ओढलं. "अगं, तू नसतीस तर मी उद्या गाडी भंगारात घातली असती."

मी नवं सर्टिफिकेट छापलं. जुनं माझ्या हातात होतं, ते चार तुकडे करून टोपलीत टाकलं. दोन पूर्णांक एक. तीन महिन्यांत माझ्या हातून निघालेला तो पहिला खरा कागद.

गुरुवारी मी सेंटर बंद ठेवून कॅम्पला गेलो. मला तिथे काही काम नव्हतं. पण तो कागद साहेबांच्या हातात पडताना मला बघायचा होता. कुमुदताई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या, मागे आठजणी नव्या नवरीच्या वऱ्हाडासारख्या. गाडी धुऊन पुसून लख्ख. झाडाखाली टेबल टाकून इन्स्पेक्टर साहेब बसले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, नंबर पडताळला, हॉर्न वाजवायला सांगितला, दिवे लावून बघितले. मग टेबलाशी आले.

"इन्शुरन्स. आरसी. पीयूसी."

ताईंनी कागद पुढे केले. साहेबांनी पीयूसी उलटं-सुलटं केलं आणि न वाचताच फाइलला टाचलं.

आदला सबंध दिवस ती बाई गाडीशी झटली होती. नवा पाइप, टॅपेट, तो पाटीवरचा एकेक आकडा. राहवेना. मी म्हणालो, "साहेब, वाचा तरी ते!"

साहेबांनी मान वर केली. "तुम्ही कोण?"

"मी संपत लोखंडे. पीयूसी सेंटरवर असतो. मीच दिलंय ते. दोन पूर्णांक एक आलंय, साहेब. पंधरा वर्षांची गाडी आहे. जरा बघा तरी."

साहेब रागावले नाहीत. चांगला माणूस होता. पेन खाली ठेवून ते शांतपणे म्हणाले, "लोखंडे, मी दर महिन्याला इथे साठ-सत्तर गाड्या बघतो. सगळ्यांकडे तुमच्याच सेंटरचं सर्टिफिकेट असतं आणि सगळेच पास असतात. मागचा तो टेम्पो बघा, उभ्या उभ्या काळा धूर ओकतोय. त्याचंही तुमचंच आहे. मी तुमचं वाचून काय करू?"

आठही बायका माझ्याकडे बघत होत्या. बाईंनी दिवसभर घाम गाळून मिळवलेल्या त्या कागदाला काडीची किंमत नव्हती, आणि ती मीच घालवली होती. दररोज, हसतहसत, बोटभर नळी टेकवून.

साहेबांनी सही केली, शिक्का मारला. पासिंग झालं. पाच वर्षांसाठी. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर परीक्षा झाली आणि आठापैकी सातजणी पास झाल्या. आठवीनं, नसीमनंच, घाबरून चुन्याच्या रेघेवरून चाक घातलं आणि पुढच्या महिन्यात ती पास झाली.

मी मैदानाच्या कडेला उभा होतो. ताई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं आता बोलतील, माझं चुकलं तर चुकलंच होतं.

"वाईट वाटून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "त्यांनी वाचलं नाही म्हणून गाडी परत धूर ओकायला लागली काय?"

"तुम्ही मंगळवारीच ओळखलं होतं, ताई. मला काही बोलला नाहीत."

"बोलून काय उपयोग? तुझा हात बघत होते मी. एकदा खुणेपर्यंत नळी घातलीस, मग दुसऱ्या दिवशी दिवसभर मला सांगावं लागलं नाही." त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि आत बसता बसता म्हणाल्या, "साहेबांनी वाचावं असं वाटतंय ना? मग कुणालातरी नापास कर."

शुक्रवारी मी चौघांना नापास केलं. दोघे भांडले. तिसरा तडक मालकांकडे गेला आणि संध्याकाळी मला मालकांच्या चार शिव्या खाव्या लागल्या. सेंटर सोडून जा म्हणाले, मी गेलो नाही, आणि त्यांना दुसरा माणूस मिळाला नाही. चौथा एक निवृत्त पोस्टमास्तर होता. जुन्या स्कूटरवर आला होता. पाच पूर्णांक आठ आकडा त्यानं शांतपणे बघितला.

"मग आता काय करायचं?" त्यानं विचारलं.

मी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि त्याला स्कूटर शेडमध्ये घ्यायला सांगितली.